पंख्याची म्हणून केलेली कडी

पंखे बनवणाऱ्या कंपनीने मला फसवलं आणि माझ्या तोंडून मावशीला. तरी कंपनीचे उपकार मी विसरत नाही. तिच्याच कामावर माझा कारखाना उभा राहिला.

आज खंडेनवमी. यंत्रांवर माळा चढल्या, ऑइलच्या वासात झेंडूचा वास मिसळला आणि मी मनाने टाकव्याला मावशीच्या गोठ्यात पोहोचलो. म्हशी बाहेर बांधून तिने माझ्या पहिल्या लेथला जागा दिली होती. त्या वर्षीच्या खंडेनवमीला पहिल्या पितळी कड्या उतरल्या, अजून कोमट. मावशीने एकीला हळदकुंकू वाहिलं.

"ह्ये कशाला लागतंय रं?"

"पंख्याला, मावशी."

"मंजी लोकास्नी वारा लागंल. लय पुण्याचं काम हाय. तुज्या तापल्या डोक्यालाबी एक बसव."

कंपनीच्या खरेदी विभागाच्या साहेबांनी मला कडी पंख्याची असंच सांगितलं होतं. मी चढा भाव मागितला, तरी त्यांनी घासाघीस केली नाही. तिथेच मला शंका यायला हवी होती.

गेल्या महिन्यात कंपनीच्या प्रदर्शनात तीच कडी दिसली, तोफगोळ्याच्या टोकाशी. देशाला तोफगोळे लागतात. खरं सांगितलं असतं तरी मी काम घेतलं असतं. पण गावच्या शाळेतले पंखे दाखवून मावशी अजून पोरांना सांगते, यातली कडी माझ्या गोठ्यातली.

साहेब, तुम्ही आता लोणावळ्यातच राहता. टाकव्याला या, तिच्यासमोर बसा आणि ती कडी कशाला लागत होती ते तुमच्या तोंडाने सांगा. मी सांगणार नाही.