आमच्याकडचं, तुमच्याकडचं

माझ्या सासऱ्यांइतकी एकतर्फी वाटणी करणारा माणूस अख्ख्या हिंगोली जिल्ह्यात दुसरा सापडायचा नाही. वाटणी शेतीची नव्हे. तिथे तर त्यांनी चांगला तुकडा हसतहसत धाकट्या भावाला देऊन टाकला. त्यांचा सगळा जीव नातवंडांच्या नाकाडोळ्यांच्या वाटणीत. आमचा ओंकार जन्मला तेव्हा ते आपल्या डोंगरकडा गावाहून पहिल्या जीपने कळमनुरीच्या दवाखान्यात हजर झाले, लेकराला खिडकीच्या उजेडात धरलं आणि कान, भुवया, लांब बोटं, खणखणीत आवाज असं सगळं "आमच्याकडचं" म्हणून जाहीर केलं. उरलं बसकं नाक. ते माझ्याकडे, जावयाकडे, बघत "तुमच्याकडचं" म्हणून माझ्या पदरात टाकलं. शेजारी माझी आई उभी होती आणि तिचं नाक चांगलं धारदार आहे. ते दाखवल्यावर मामा (सासऱ्यांना मी मामाच म्हणतो) जराही न डगमगता म्हणाले, "मग त्यांच्या आधीच्या पिढीतलं असंल." पुढे ओंकारला पोहता आलं ते त्यांच्याकडचं, तेराचा पाढा अडला तो आमच्याकडचा. एकदा त्याला जुलाब झाले ते आमच्यामुळे, आणि दुसऱ्या दिवशी थांबले ते त्यांच्यामुळे.

त्यातही त्यांना घमेंड होती ती नजरेची. हळदीचं कांडं मोडून नुसतं बघितलं की ते तिची प्रत सांगत, आणि मोठमोठे व्यापारी मान डोलवत. बाजारात मात्र त्यांची तऱ्हा वेगळी. एकेक टमाटं दाबून, हुंगून, कानाशी नेऊन बघायचे. ते येताना दिसले की भाजीवाल्या बाया टोपलीवर फडकं टाकत. "रंगाला भुलू न्हाई," असं ते वर सांगायचे. आम्हाला तो अध्यात्माचा भाग वाटायचा. माझ्या लग्नात सासूबाईंनी लाल साडी मागितली होती. मामा एकटेच नांदेडला गेले आणि चक्क मातकट साडी घेऊन आले. सासूबाईंनी ती क्षणभर निरखली आणि निमूट नेसल्या. माझ्या मावशीला ती नवी फॅशन वाटली, तिने दुकानाचा पत्ता विचारला. "निवड आमच्याकडची हाय," मामा म्हणाले.

यंदा ओंकार दुसरीत गेला आणि त्याने चित्रात झाडाला तपकिरी पानं आणि हिरवं खोड काढलं. बाईंनी दोनदा समजावलं, तिसऱ्यांदा वर्गासमोर उभं करून रंग विचारले. पोरं हसली. तेव्हापासून चित्रकलेच्या दिवशी त्याचं पोट दुखायला लागलं, मग रोजच दुखायला लागलं, आणि एके सकाळी तो दप्तर घेऊन दाराआड बसला तो हलेना. मामा आले आणि निकाल तयारच होता: माझ्या आईला चष्मा आहे, तेव्हा तुमच्याकडचं. या वेळी मात्र मला हसू आलं नाही. लेकरू आतल्या आत कुढत होतं.

हिंगोलीच्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे निघालो तर मामाही सोबत आले. दोष आमच्याकडचा आहे हे त्यांना स्वतःच्या कानांनी ऐकायचं होतं. डॉक्टरांनी ठिपक्याठिपक्यांची चित्रं दाखवली. आम्हाला त्यांत आकडे दिसत होते, ओंकारला नुसते ठिपके. डॉक्टर म्हणाले, लाल आणि हिरव्यातला फरक याला नीट दिसत नाही, जन्मापासूनच. ज्या गुणसूत्रावरून हे येतं, ते मुलाला फक्त आईकडून मिळतं. बापाचा यात संबंध नाही. आईकडे तशी दोन असतात, एक बिघडलेलं असलं तरी दुसरं सांभाळून घेतं, म्हणून तिला स्वतःला पत्ताही लागत नाही. मग त्यांनी माझ्या बायकोला विचारलं, "तुमच्या वडिलांना रंगांची काही अडचण?"

बायकोने मामांकडे बघितलं. मी पंख्याकडे बघितलं, कारण तोंडावरचा आनंद लपत नव्हता. डॉक्टरांनी तेच ठिपक्यांच्या चित्रांचं पुस्तक मामांपुढे सरकवलं. मामांनी चष्मा पुसला, पुस्तक जवळ धरलं, लांब धरलं आणि शेवटी म्हणाले, "छपाई फिक्की हाय."

 परतल्यावर मामांनी ती रात्र आमच्याकडेच काढली आणि सकाळी कडक इस्त्रीचं धोतर नेसून त्यांनी ओंकारला दाराआडून उठवलं, त्याचं बोट धरलं आणि शाळेत निघाले. मी मागोमाग. बाईंची परवानगी घेऊन त्यांनी रंगपेटीतले दोन खडू उचलले आणि वर्गापुढे धरले.

"यातला हिरवा कोनता, मलाबी सांगता येत न्हाई," ते म्हणाले. "पर माझी हळद आजवर कोनी नापास केली न्हाई. या पोराची नजर आमच्याकडची हाय. हासायचं तर मला हासा."

कोणी हसलं नाही. ओंकार आपल्या जागेवर जाऊन बसला. बाईंनी तेवढ्यात प्रत्येक खडूला रंगाच्या नावाची चिठ्ठी चिकटवायला घेतली. इतकी वर्षं याच क्षणासाठी मी कितीतरी टोमणे तयार ठेवले होते, त्यातला एकही तोंडातून निघाला नाही. उलट मला त्या म्हाताऱ्याचा हेवा वाटला.

नंतर आम्ही स्टँडवर डोंगरकड्याच्या बसची वाट बघत बसलो. मामांनी विचारलं, "जावईबापू, तुमच्या लग्नातली तिची ती साडी कोन्या रंगाची व्हती?"

सासूबाई जाऊन आता दोन वर्षं झाली. खोटं बोलावंसं वाटलं, पण जमलं नाही. मातकट होती, मी सांगितलं.

"लाल मागितली व्हती तिनं. मला वाटलं, लालच आनली," ते म्हणाले. "काही बोलली न्हाई."

समोरून एक गाडी निघून गेली. मामांनी उपरण्याने चष्मा पुसला.

"आमच्या लग्नात पिवळी अष्टपुत्री नेसून उभी व्हती," ते म्हणाले. "ती मातर मला बराबर दिसली व्हती."

बस आली तेव्हा मी त्यांची पिशवी घेतली आणि त्यांना खिडकीजवळची जागा मिळेपर्यंत आतच उभा राहिलो.