हाताला सोसेल इतकं गरम

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत शिवलिंगप्पांच्या शेडमध्ये सिदू एकोणतीस वर्षं भट्टीवर आहे. बाप मंगळवेढ्याकडं मेंढ्या राखायचा, हा पोलाद राखतो. राखणच ती, फक्त हे जनावर जास्त हट्टी. त्यातही डी-टू म्हणजे कहर. कार्बन आणि क्रोमियम ठासून भरलेलं हे पोलाद. त्याची डाय, म्हणजे पत्रा कापायचा साचा, लाखो वायसर कापते तरी धार जात नाही. पण लाड फार. एकदम तापवलं की रुसतं, म्हणून टप्प्याटप्प्यानं हजार अंशांच्या वर न्यायचं, मग बाहेर काढून नुसत्या वाऱ्यावर ठेवायचं. वाऱ्यावरच ते कडक होतं, आणि कडक झालं की काचेसारखं ठिसूळ. हाताला सोसेल इतकं गरम उरलं की त्याच घडीला दुसऱ्या भट्टीत दोनशे अंशांवर घालायचं, तेही दोनदा, म्हणजे आतला ताण उतरतो. घाई केली तर आतून कच्चं राहतं, उशीर केला तर तडकतं. ती घडी सिदू तळवा लावून ओळखतो.

या घडीपायी त्यानं बरंच काही घालवलं. त्याची बायको केराबाई दवाखान्यात शेवटचे श्वास घेत होती तेव्हा इथं दोन डाय वाऱ्यावर होत्या. त्या भट्टीत ढकलूनच तो निघाला. पोचला तेव्हा केराबाई गेली होती आणि उशाशी लेक सुकन्या एकटीच बसलेली. पुढं तिनं हैदराबादला नोकरी धरली आणि चार वर्षांत तिचं तोंड दिसलं नाही. महिन्यातून एक फोन, तोही जेवलात का इथवरच. सिदू खानावळीचा डबा खातो आणि भिंतीकडं बघत झोपतो. घर त्याला खायला उठतं, पण सांगणार कुणाला?

परवा दुपारी दोनला तिचा फोन आला.

"अण्णा, पुण्याला चाललीया. साडेचारला गाडी सोलापूर स्टँडवर थांबती, वीस मिनटं. जमलं तर या."

सिदूनं नुकतीच एक मोठी डाय बाहेर काढलेली. शेडमध्ये दुसरं कुणी नव्हतं, आणि असतं तरी दुसऱ्याच्या तळव्यावर त्यानं भरवसा ठेवला नसता. चार वाजता त्यानं हात लावला. चटका बसला. अजून अर्धा तास तरी हवा होता. तो बसला, उठला, पुन्हा बसला. मग डाय तशीच टाकून चालू लागला, एकोणतीस वर्षांत पहिल्यांदा. सात रस्त्याला रिक्षा अडकली तेव्हा त्याच्या जिवाची नुसती तगमग झाली.

सुकन्या गाडीतून उतरून दाराशीच उभी होती.

"लई वाळलात, अण्णा."

"तू बी."

"डबा येतोय न्हवं वेळेवर?"

"येतो की."

मग दोघं येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या बघत उभे राहिले. सहाएक मिनिटं झाली असतील, तिनं घड्याळ बघितलं. "जावा आता. डाय गार हुईल तुमची."

"हुंदे आज."

ती हसली, थट्टा समजून. "तुमी आन डाय सोडून येताय? कुणाला सांगताय, अण्णा? जावा, मला राग न्हाय." ती पाया पडली आणि गाडीत चढली.

गाडी सुटायला अजून चौदा मिनिटं होती. खरंच सोडून आलोय, तुझ्यासाठी आलोय, असं ओरडून सांगावं असं सिदूला वाटलं. पण भट्टीपायी बाप अर्ध्यात उठून जाणार, ही सवय तिला त्यानंच लावली होती, आता कुठल्या तोंडानं थांबवणार? काळ्या काचांआड ती कुठं बसलीय तेही दिसेना. तिकडं डाय एव्हाना दगडासारखी गार पडली असणार. तो तिथंच उभा राहिला. गाडी हलली तेव्हा त्यानं सगळ्याच खिडक्यांकडं बघून हात हलवला.