पेपरात नसलेला विजय

हे सांगायचं मी पन्नास वर्षं टाळलं. कुणी व्हिएतनामचा विषय काढला की मी पाणी प्यायला उठायचो.

मी भिवपुरीच्या वीजघरात कारकून होतो. क्वार्टर्सच्या फाटकासमोर एक सलून होतं. मुंबईचा पेपर दुपारच्या गाडीने यायचा आणि संध्याकाळी सलूनच्या बाकावर मी तो मोठ्याने वाचायचो. ऐकणाऱ्यांत शेजारच्या गावचे एक भातशेतकरी असायचे. सगळे त्यांना दादा म्हणत. अक्षरओळख नव्हती, पण त्या लांबच्या लढाईचा त्यांना भारी नाद.

डोंगरावरचं पाणी नळांतून उतरतं आणि त्यावर मुंबईचे दिवे लागतात, हे मी रोज पाहत होतो. यंत्रापुढे माणूस टिकत नाही, असं माझं ठाम मत. मी अमेरिकेची विमानं, हेलिकॉप्टरं, बॉम्ब सगळं ऐकवायचो. दादा तंबाखू मळत ऐकून घ्यायचे.

"भाऊ, तिथं भातच पिकतं ना?"

"हो."

"मंग बूटवाला हरला. चिखलात एक पाय जोरात उपटाया गेलं, की दुसरा आणखी रुततो."

न्हावी कात्री थांबवून पंच व्हायचा. गिऱ्हाईक अर्ध्या कापलेल्या डोक्याने बसून राहायचं, आणि तेही वादात पडायचं.

शेवटी पैज लागली. अमेरिका हरली तर मी दादांच्या शेतात दिवसभर लावणी करायची. जिंकली तर दादांनी मिशी उतरवायची.

पुढच्या वर्षी पॅरिसला करार झाला. अमेरिकेचे सैनिक मान राखून घरी परतणार, एवढंच पेपरात होतं. जिंकलं कोण, हरलं कोण, यावर शब्द नव्हता. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. मी वाचलं, "अमेरिका जिंकली, सैन्य परत निघालं."

दादा काही न विचारता खुर्चीत जाऊन बसले. न्हावी वस्तरा लावायला धजेना.

"काढ रं," ते म्हणाले. "पेपरात छापलंय."

मग चार दिवस गावाची नुसती करमणूक. घरी दादांच्या बायकोने त्यांना परका पाहुणा समजून डोक्यावर पदर ओढला. आमच्याकडे आईबाप गेल्यावरच मिशी उतरवतात, त्यामुळे जो तो विचारू लागला, दादांची म्हातारी आई कधी गेली? भेटायला लोक येऊ लागले, तशी म्हातारी स्वतःच ओट्यावर ठाण मांडून बसली. "मीच ती गेलेली. आलाच हाय तर चा घेऊन जावा," म्हणायची. हे सांगताना दादा डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत. मीही हसायचो, सगळ्यांत मोठ्याने.

पण दादांनी लढाईवर बोलणं सोडलं. आपल्याला बांधापलीकडचं काही कळत नाय, म्हणाले. बाकावर येत, ऐकत, तंबाखू मळत.

दोन वर्षांनी अमेरिकेच्या बाजूची राजधानी सायगॉन पडली. छपरांवरून हेलिकॉप्टरं माणसं उचलून नेत होती. हे मात्र मी जसंच्या तसं वाचलं. न्हाव्याने विचारलं, मग आता हरलं कोण? मी म्हणालो, ही नंतरची, वेगळी लढाई. दादांनी पुन्हा भरघोस झालेल्या मिशीवरून बोट फिरवलं, एवढंच.

त्या पावसाळ्यात मी न बोलावता त्यांच्या शेतात गेलो. सहज आलो म्हणालो. त्यांनी हातात रोपांची जुडी दिली. माझी लावणी बघून शेतातल्या बायका हसून हसून बेजार झाल्या. म्हातारी बांधावरून ओरडली, "भाऊची रांग पार कर्जतला निघाली गं!" इतका मी आयुष्यात क्वचित हसलो असेन.

दुपारी गुडघ्यापर्यंत रुतलो. एक पाय उपटला, दुसरा आणखी खाली गेला. दादांनी माझा हात खांद्यावर घेतला.

"जोर लावू नका, भाऊ. नुसते हुबे ऱ्हावा. चिखल आपणच सोडतो."

मी उभा राहिलो. वाक्य ओठांवर होतं. पाय सुटले, बांधावर बसून आम्ही तांदळाची भाकरी खाल्ली, आणि ते राहूनच गेलं.

दादांना जाऊनही आता बरीच वर्षं झाली. वाक्य अजून पाठ आहे. दादा, त्या दिवशी अमेरिका जिंकल्याचं पेपरात नव्हतं. ते मीच मनाने वाचलं. बरोबर तुम्हीच होतात. मला माफ करा.