लग्नातला पाट आणि मोटारीची पेटी

आमच्या लग्नात आम्ही नवरा-बायको ज्या दोन सागवानी पाटांवर बसलो, त्यातला एक देवघरात सुखाने राहिला. दुसऱ्याला मी शेतात नोकरीला लावलं.

किन्हीराजाजवळ आमचं शेत आहे. तिथे विहिरीवर मोटार चालू करायच्या स्टार्टरची लोखंडी पेटी आहे. मागच्या गणपतीनंतर त्या पेटीला झटके द्यायची सवय लागली. पहिला झटका मला बसला. गावच्या नाटकांत मी वीस वर्षं मरत आलोय, पण त्या दिवशी चिखलात जसा पडलो तसा अस्सल कधीच पडलो नव्हतो. बघायला एकटी म्हैस होती, आणि तिनेही तोंड फिरवलं.

बायको म्हणाली, वायरमन बोलवा. मी म्हणालो, कशाला? पायाखाली कोरडं लाकूड असलं की वीज माणसाला ओळखत नाही. दुसऱ्या दिवशी मी पाट नेऊन पेटीखाली मांडला. त्यावर उभं राहायचं, हात कोरडे करायचे, मग बटन दाबायचं. झटके थांबले. मी स्वतःवर इतका खूश झालो की आठवडाभर भेटेल त्याला ही युक्ती सांगत सुटलो.

तेव्हा माझा भाचा आमच्याकडे राहायला होता. वय सतरा, मालेगावला बारावीत. शेतातलं सगळं काम त्याला यायचं, आणि मोटार चालू करणं हा त्याला मोठा मान वाटायचा. शेजारच्या शेतातली माणसं त्याला पाटावर उभं बघून विचारायची, "काहो नवरदेव, नवरी कवा येते?" तो लाजून हसायचा. पण मी त्याच्याकडून शपथ घेतली होती, तीही नाटकातल्या आवाजात, आकाशाकडे बोट करून: पाट नसेल तर पेटीला हात लावायचा नाही, मग गहू वाळून कोळसा झाला तरी चालेल.

पौषाच्या आधी माझ्या पुतणीचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, ठरला. मुलगा कामरगावचा, विहिरीवरच्या जळलेल्या मोटारींचं रिवायंडिंग करणारा. नवरा-नवरीला बसवायला पाटांची जोडी हवी, म्हणून बायकोने मला सकाळीच शेतात पिटाळलं. मी पाट उचलला, धुतला, पुसला, रांगोळीत मांडला. आणि भाच्याला सांगायचं विसरलो.

त्या आठवड्यात वीज दिवसाची होती, आठ ते चार. गव्हाला पाणी देणं भागच होतं. भाचा पहाटेच शेतात गेला होता, गव्हाचे वाफे नीट करत बसला होता. मी बांधावरूनच पाट घेऊन निघून आलो, त्यामुळे त्याने मला पाहिलं नाही. वीज आल्यावर तो पेटीपाशी गेला. खाली ओली माती, पाट गायब. त्याने मला सहा वेळा फोन केला. फोन माझ्या कोटाच्या खिशात मुकाट पडला होता आणि मी पाहुण्यांसमोर माझ्या लग्नाची गोष्ट साभिनय सांगत होतो.

कुंकू लावायची वेळ झाली. नवरदेव पाटावर बसला. इतक्यात दारात भाचा उभा. गुडघ्यापर्यंत चिखल, हातात फावडं. त्याने नवरदेवाच्या बुडाखाली पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

"मामा, हा पाट तुमी आणला काय? मले सांगतलं काहून नाई?"

मी माझं वाक्यच विसरलो. नाटकात असं झालं की पडद्यामागून कोणीतरी वाक्य पुरवतं. इथे कोण पुरवणार?

"मोटार चालू केली?" मी कसंबसं विचारलं.

"पाट नाई तर कशी करू? शपथ घातली होती ना तुमी."

मी खाली बसलो. क्षणभर त्याला वाटलं असतं, आजचा दिवस चालून जाईल, तर? पोरं असाच विचार करतात. मीही त्याच्या वयात तसाच होतो.

पाहुण्यांना काही कळेना, म्हणून मला पेटी, झटका, पाट, म्हैस, सगळं सांगावं लागलं. सांगताना मला वाटलं, लोक माझ्या हुशारीवर हसतील. हसले नाहीत. नवरदेवाच्या आईने डोक्यावरचा पदर सारखा केला.

"लेकराच्या पायाखाली पाट ठेवला तुमी," त्या म्हणाल्या, "पेटी दुरुस्त कराले काय हात दुखत होते?"

बायको माझ्याकडे न बघता पाहुण्यांना पाणी देत राहिली.

साक्षगंध झालं, जेवणं झाली. नवा जावई कपाळावरच्या कुंकवासकट मोटारसायकलवर बसला आणि तो, भाचा आणि मी असे तिघे शेतात गेलो. चार वाजून गेले होते, वीज गेली होती. तरी त्याने मेन स्विच पाडला, टेस्टर लावून पाहिलं आणि मगच पेटी उघडली. मग खाली वाकून त्याने जमिनीजवळ काहीतरी शोधलं.

"काकाजी, अर्थिंगची तार कुठं हाय?"

"कोणती तार?"

"पेटीत उतरलेली वीज इथून जमिनीत नेते ती. कोनं तरी कापून नेली."

आता सांगायला हरकत नाही. गणपतीत आमच्या नाटकाचा पडदा टांगायला तार कमी पडली होती. विहिरीवर पेटीतून जमिनीत गेलेली एक छान सरळ तार बिनकामाची दिसली, ती मी कापून नेली होती. पडदा अजून समाजमंदिरात त्याच तारेवर होता.

जावयाने नवी तार टाकली, पेटीही बदलून दिली. पाट घरीच राहिला. मधे थोडा काळवंडलाय, पण जोडी जुळली.

विहीणबाईंनी जाता जाता हुकूम सोडला: अठरा होईपर्यंत पोरगा पेटीला हात लावणार नाही. भाच्याला राग आला. पण एक काम त्याने स्वतःहून घेतलं. मी मोटार चालू करायला गेलो की तो पाच पावलं लांब उभा राहतो आणि माझ्या पायांकडे बघतो.

"मामा," तो म्हणतो, "चप्पल घाला. अन् हात पुसा."

मी मुकाट चप्पल घालतो आणि हात पुसतो.