राजाची उडी

आमच्या घरच्या बुद्धिबळात राजाला एक उडी असे. डावात एकदाच, घोड्यासारखी अडीच घरं. सुरुवातीला दोन प्यादी एकदम पुढे सरकवायची, एकेक घर. पप्पा हे गावाकडे शिकले होते, आणि इथे शहरात, नवागामच्या खोलीत, त्यांनी मला शिकवलं. दुसरे काही नियम असतील असं मनातही आलं नाही. म्हणून आठवीत टीचरने ‘चेस कोणाला येतं?’ विचारलं तेव्हा मी हात वर केला. मी, जी प्रश्नाचं उत्तर येत असूनही गप्प बसायची.

स्पर्धेच्या दिवशी पप्पा पाळी बदलून आले. कारखान्यातल्या लूम्सवरचे तंतू केसांत तसेच. मी जिंकलेलं त्यांना बघायचं होतं, आणि मलाही ते त्यांना दाखवायचं होतं.

पांढऱ्या सोंगट्या माझ्याकडे होत्या. मी दोन प्यादी सरकवली.

“सर, आ तो चीटिंग करे छे!” समोरची मुलगी ओरडली.

पंच आले. “बेटा, एक बार में एक. किसने सिखाया ऐसा?”

मागच्या बाकावरून पप्पा उठले.

“मैंने, साब. हमारे में ऐसाच चलता है. राजा भी कूदता है एक बार.”

सगळा हॉल हसला. पंचसुद्धा. पप्पांना वाटलं गोष्ट पटली, तेही हसले. माझे कान तापले. त्यांनी खाली बसावं, एवढंच मला हवं होतं.

एक प्यादं मागे घेऊन मी खेळले. पुढे त्या मुलीने राजा दोन घरं सरकवला आणि हत्ती त्याच्यावरून पलीकडे ठेवला. पंच बघत होते, तरी कोणी काही बोललं नाही; तसा नियमच असावा. माझा राजा मात्र मधोमध अडकला, आणि उडीशिवाय त्याला कसं वाचवायचं हे मला येत नव्हतं. मी हरले.

परतताना मी सायकलवर मागे बसले होते. पप्पाच बोलत होते, मोठ्याने, अहिराणीत. “ती पोरनी राजा अन् हत्ती दोन्ही संगेच हालावात! तिले कोनी काही बोलनं नही!” सिग्नलला लोक वळून बघत होते. मी त्यांच्या पाठीमागे तोंड लपवलं.

घरी आल्यावर कपडे न बदलता त्यांनी पट मांडला. राजा आणि हत्ती दोन बोटांत धरून थांबले.

“कोठे बसना तो हत्ती? दखाड.”

मी त्यांच्याकडे न बघता दोन्ही सोंगट्या त्या मुलीसारख्या ठेवून दाखवल्या.