समेट फक्त शनिवारी

माझी मामी प्रयोगशाळेत आळ्या वाढवायची आणि मामा त्याच आळ्यांना आजारी पाडायचा. पिकावरची कीड मारणारी बुरशी तिथे आळ्यांच्या अंगावर पोसत. मामी पोटच्या पोरांसारख्या जपलेल्या आळ्यांचा ट्रे खिडकीतून पलीकडच्या आजारी खोलीत सरकवायची. मामा त्यांच्यावर बुरशीचं पाणी फवारायचा आणि आठवड्याभरात त्या पांढऱ्याफटक होऊन मरायच्या.

नियम एकच होता. आजारी खोलीतल्या माणसाने निरोगी खोलीतल्या माणसाला शिवायचं नाही. हे दोघं नवराबायको आहेत हे प्रयोगशाळेच्या साहेबाला ठाऊक होतं, पण नियम म्हणजे नियम.

एकदा मामीच्याच खोलीतल्या सगळ्या आळ्या पांढऱ्या पडल्या. चौकशी बसली. साहेबाने विचारलं, "गेल्या आठवड्यात घरी काय झालं?"

मामीला खोटं बोलता येत नाही. ती म्हणाली, "चार दिवसांचं भांडण मिटलं."

साहेबाने हे जसंच्या तसं अहवालात लिहिलं आणि खाली आदेश काढला: भांडण कधीही करावे, समेट मात्र शनिवारी संध्याकाळीच करावा आणि सोमवारी दोनदा आंघोळ करून यावे. मला विचाराल तर बुरशी त्या साहेबालाच लागायला हवी होती.

दोघांना रिटायर होऊन सहा वर्षं झाली. परवा भांडणानंतर मामाने स्वतः चहा केला आणि "चुकलं माझं" म्हणत कप मामीपुढे धरला.

मामी हात मागे घेत म्हणाली, "अहो, आज मंगळवार आहे."

मामा कप टेबलावर ठेवून हात धुवायला गेला.