मामसासऱ्यांनी तोडलेलं पाणी

पाणी तोडलं आणि पुन्हा सोडलं की जगातली कोणतीही गोष्ट ताळ्यावर येते, असं मनापासून मानणारा माणूस अख्ख्या वऱ्हाडात एकच असेल, आणि तो नेमका माझ्या नवऱ्याचा मामा निघाला. मोर्शीजवळ त्यांची संत्र्याची बाग आहे. संत्र्याला फुलं यावीत म्हणून हिवाळ्यात झाडांचं पाणी बंद करतात, पानं मलूल होईपर्यंत तसंच ठेवतात आणि मग खत घालून पाणी सोडतात. तहानलेलं झाड मग असं फुलतं की पान दिसू नये. याला तिकडे ताण देणं म्हणतात. बाकीचे बागाईतदार फक्त झाडांना ताण देतात, आमचे मामसासरे मात्र तो कुणालाही देतात. बांधावरून भांडणाऱ्या शेजाऱ्याशी त्यांनी एकदा बोलणं तोडलं, आणि एक दिवस अचानक टोपलीभर संत्री त्याच्या ओट्यावर नेऊन ठेवली. वाद मिटला. बिघडलेला टीव्ही त्यांनी महिनाभर बंद ठेवला आणि मग लावला, तर तो चक्क लागला. तेव्हापासून त्यांच्यापुढे बोलायची कुणाची टाप नाही.

आमच्या लग्नाला सात वर्षं झाली आणि पाळणा हलला नाही, तेव्हा मामसासऱ्यांनी हा प्रश्न स्वतःच्या अंगावर घेतला. त्यांना स्वतःला मूलबाळ नाही, त्यामुळे या विषयातला अनुभव आपल्याइतका कुणाला नाही असं ते म्हणत. अमरावतीला आमच्या घरी संत्र्यांची पिशवी घेऊन यायचे आणि पिशवी खाली ठेवायच्या आधीच तपासणी सुरू करायचे. माझ्या नवऱ्याचं, नितीनचं, ठिबक सिंचनाच्या सामानाचं दुकान आहे. तो रात्री लॅपटॉप मांडीवर घेऊन हिशेब करत बसला की मामसासरे कळवळून म्हणत, "अरे, भट्टीवर काहून बसला तू? खाली ठेव ते." त्याची जीन्स घट्ट, त्याचा मोबाइल खिशात, आणि तंबाखू-सुपारीचा खर्रा तर दिवसभर गालात. माझं वजन, माझं जागरण, प्लास्टिकच्या डब्यात नेलेली गरम भाजी. हे सगळं ते मोबाइलवरचे व्हिडिओ मोठ्या आवाजात लावून शिकलेले होते. त्यातलं निम्मं, मला पुढे कळलं, खरंच बरोबर होतं. उरलेल्या निम्म्यात पांढरा कांदा, दक्षिणेकडे डोकं आणि गाढविणीचं दूध होतं.

दिवसभर बागेच्या या टोकावरून त्या टोकाला हाका मारायची सवय असल्यामुळे मामसासऱ्यांना हळू बोलता येत नाही. एकदा मोर्शीच्या बसमध्ये ते माझ्या मागच्या सीटवर होते. भरल्या बसमध्ये त्यांनी विचारलं, "सूनबाई, पाळी बराबर येते का तुही?" कंडक्टर तिकीट फाडता फाडता थांबला. मी खिडकीबाहेर बघत पुटपुटले, "येते." मामसासरे म्हणाले, "जोरानं बोल, इंजिनाचा आवाज हाय." शेवटी माझ्या शेजारच्या म्हातारीनंच मागे वळून त्यांना सांगितलं, "येते म्हनते बापा ते." मला त्यांचा गळा दाबावासा वाटला होता. पण खोटं कशाला सांगू, या विषयावर मला सरळ तोंडावर विचारणारा तो एकच माणूस होता. बाकीचे सगळे मी खोलीत आले की विषय बदलत. माझ्या सासूबाई, ज्यांना मी आमच्याकडच्या रीतीप्रमाणे आत्याबाई म्हणते, त्या तर नुसता उसासा टाकत, आणि त्या एका उसाशाने माझी झोप उडत असे.

माझ्या तपासण्या झाल्या होत्या. अमरावतीला झाल्या, नागपूरला झाल्या. थायरॉइडची गोळी सुरू झाली. प्रत्येक डॉक्टर शेवटी म्हणे, "आता मिस्टरांची तपासणी करून घेऊ." आणि प्रत्येक वेळी नितीन म्हणे, "माझ्यात काय आहे तपासण्यासारखं?" मोटारसायकलला किक मारे आणि दुकानात जाई. तो वाईट माणूस नाही. घाबरलेला होता. पण त्याच्या भीतीचं भाडं मी भरत होते, आणि चौतिसावं लागलं तेव्हा मला त्याचा राग यायला लागला.

त्या हिवाळ्यात माझ्या आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि मी शिकवते त्या शाळेतून रजा घेऊन अकोल्याला गेले. मामसासऱ्यांना हे कळलं आणि त्यांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. बागेचं पाणी त्यांनी नुकतंच तोडलं होतं. त्यांनी नितीनला बोलावून सांगितलं की आता भेटायला जायचं नाही, फोन करायचा नाही, पूर्ण ताण पडू द्यायचा, आणि बागेला पाणी सोडायच्या दिवशी मला घरी आणायचं. मला फोनवर एवढंच म्हणाले, "सूनबाई, तिकडंच राय. मी सांगीन तवा ये. पाय मंग कसा बहर येते." मी हसले. वाटलं, म्हातारा आहे, बोलतो.

आठवडा गेला, दुसराही गेला. नितीनचा फोन येईना. मी केला की "दुकानात गर्दी आहे" म्हणून ठेवून देई. मामाने सांगितलं म्हणून तो गप्प होता हे खरं, पण गप्प राहायला मिळालं म्हणून त्याला सुटल्यासारखं वाटत होतं, तेही मला ऐकू येत होतं. त्या दिवसांत तपासणीचा विषय कुणी काढणार नव्हतं. आईचा गुडघा बरा झाला, ती काठी टाकून चालायला लागली, आणि तरी मी तिथेच. समोरच्या काकू वाटीभर साखर मागायला येत आणि साखरेची वाटी हातात धरून विचारत, "जावईबापू दिसले नाईत बा इतक्यात?" वडिलांनी पेपर वाचायचा सोडून माझ्याकडे बघायला सुरुवात केली. आई एक दिवस म्हणाली, "काई झालं असन तं सांग, लपवू नको." मी म्हणाले, काही नाही. आणि बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडले.

मग मामींचा फोन आला. मामी म्हणजे मामसासऱ्यांची बायको. नवरा दोघांचं मिळून बोलत असल्यामुळे त्या सहसा बोलत नसत. त्यांनी मला त्याआधी कधी फोन केलेला मला आठवत नाही. त्या म्हणाल्या, "सूनबाई, तू उद्याच्या उद्या घरी जाय. अंजनगावचे पावने येऊन राह्यले तुह्या घरी. पोरगी हाय त्यायची. लोकायले वाटते तुले सोडलं म्हनून." मी विचारलं, "मामाजींना माहीत आहे?" त्या म्हणाल्या, "त्यायले बाग सोडून काय माईत असते? त्यायनं तं तुह्या भल्यासाठीच केलं. पन तू जाय."

मी लगेच मामसासऱ्यांना फोन लावला. इतका राग मला कधी आला नव्हता. म्हणाले, "मामाजी, पाणी तोडलं तर झाड आहे तिथेच उभं राहतं. माणसं दुसरीकडे जातात. तुम्ही मला ताण दिला आणि माझ्या घरात दुसऱ्या मुलीची सोयरीक घेऊन पाहुणे येतायत." ते एवढंच म्हणाले, "मी येतो." दुसऱ्या दिवशी पहिल्या बसने निघून ते अकोल्याला आमच्या दारात उभे होते. माझ्या वडिलांच्या पायाला हात लावू लागले. वडील त्यांच्याहून लहान, ते बिचारे मागे सरकले. आम्ही दोघं लगेच अमरावतीच्या बसमध्ये बसलो. पाहुणे येऊन होकार देऊन गेले असतील का, नितीन तिथे बसला असेल का, आणि बसला असेल तर मी काय करायचं, याचाच विचार मी करत होते.

पाहुणे बसलेले होते. हातात पोह्यांच्या बशा. आत्याबाई पाणी देत होत्या, नितीन कोपऱ्यातल्या खुर्चीवर गालात खर्रा धरून खाली बघत होता. मला दारात बघून आत्याबाईंनी हातातला ग्लास तसाच परत ट्रेमध्ये ठेवला. मामसासऱ्यांनी चपला काढल्या, पाहुण्यांना नमस्कार केला आणि बागेत बोलतात त्या आवाजात म्हणाले, "पावने, पोहे आरामात खा. पन ही सोयरीक होनार नाई. सून घरात हाय, आन पोराची तपासनीच झाली नाई अजून."

आत्याबाई म्हणाल्या, "दादा, काय बोलून राह्यले तुमी?"

"खरं बोलून राह्यलो. सुनेले चार दवाखाने दाखवले. पोराले एक बी नाई. उद्या ह्यायच्या पोरीले आनसान, तिच्या बी मांगं असंच लागसान."

पाहुणे सज्जन होते. त्यांनी पोहे संपवले आणि उठले. नितीन आतल्या खोलीत गेला. मी त्याच्या मागे गेले. म्हणाले, "उद्या तू माझ्याबरोबर दवाखान्यात चल. नाही आलास तर मी अकोल्याला जाते, आणि या वेळी न्यायला कुणी येऊ नये." त्याने गालातला खर्रा खिडकीबाहेर थुंकला. मग म्हणाला, "आणि माझ्यातच निघालं तर?" मी म्हणाले, "तर काय? मी सात वर्षं 'माझ्यातच असेल' म्हणून जगले. मेले का?"

मी दवाखान्यात फोन केला, तर डॉक्टरांनी आधी काही दिवस एकमेकांपासून लांब राहायचं सांगितलं, ते तर आपसूक झालंच होतं. आमच्याकडेच थांबलेल्या मामसासऱ्यांना एवढ्यातही समाधान वाटलं. म्हणाले, "पाय, डॉक्टर बी ताणच सांगून राह्यला."

दवाखान्यात रांगेत सगळ्या बायका, आणि त्यांच्या शेजारी मोबाइलमध्ये डोकं घातलेले नवरे. नितीनचं नाव पुकारलं. तो उठेना. नर्सने पुन्हा पुकारलं. तेवढ्यात मामसासरे उठले, धोतर सावरलं आणि म्हणाले, "बाई, पोरगा लाजून राह्यला. पयले माही तपासनी घ्या." नर्सने त्यांच्या पांढऱ्या मिश्यांकडे बघितलं. कुणीतरी फिसकन हसलं, मग सगळीच रांग हसली, आणि नितीन लाल तोंडाने उठून आत गेला.

रिपोर्ट आल्यावर डॉक्टरबाईंनी आम्हा दोघांना समोर बसवलं. मामसासरेही खुर्ची ओढून बसले. बाई म्हणाल्या, थोडं याचं आहे, थोडं हिचं आहे. खर्रा सोडायचा, लॅपटॉप टेबलावर ठेवायचा, दोघांनी वजन कमी करायचं, थायरॉइडची गोळी चुकवायची नाही. पुरुषाच्या शरीरात बदल दिसायला तीनेक महिने लागतात, तेवढा धीर धरायचा. पुढचं वय बघून ठरवू. त्या असंही म्हणाल्या की कारण बाईत असतं तसं पुरुषातही असतं, बऱ्याचदा असतं, फक्त तपासायला बाईच येते. नितीनने हे ऐकलं आणि टेबलाखाली माझा हात धरला. सात वर्षांत पहिल्यांदा मला वाटलं, हे आमच्या दोघांचं आहे.

तेव्हा मामसासऱ्यांनी विचारलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा हळू आवाजात, "बाई, माहं आता कळन का? म्हंजे तवाचं?" डॉक्टरबाई म्हणाल्या, "नाही काका. आता तपासून तेव्हाचं काही सांगता येत नाही." ते उठले आणि बाहेर जाऊन पायरीवर बसले.

घरी परत जायला त्यांचं मन होईना. दोन बस त्यांनी सोडल्या. शेवटी मीच त्यांच्यासोबत गेले. मामी अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. या बाईने किती उपास केले, किती नवस फेडले, नागपूरपासून अचलपूरच्या वैद्यापर्यंत किती औषधं प्यायली, ते सगळ्या घराला माहीत आहे. डोहाळजेवणाला त्यांना कुणी ओटी भरायला बोलवत नसे, तर त्या स्वतःच स्वयंपाकघरात जाऊन पोळ्या लाटत बसायच्या. मामसासरे त्यांच्यासमोर उभे राहिले आणि म्हणाले, "दोष माहा बी असू शकत होता म्हनते डॉक्टरीन. मी कधी दाखवलंच नाई. तुले वाटलं नाई का कधी, मले दवाखान्यात न्यावं म्हनून?"

मामींनी शेंग सोलायचं थांबवलं नाही. म्हणाल्या, "वाटलं तं. लय वेळा वाटलं. पन तुमी खाली मान घालून गावातून चालले असते, तं मले ते पायवलं नसतं. मंग म्हटलं, तसं आपनच चालावं."

साऱ्या तालुक्याला सल्ला देणारे मामसासरे खाली बसले, तिच्या सुपातल्या मूठभर शेंगा घेतल्या आणि सोलायला लागले. त्यांना ते नीट येत नव्हतं. दाणे मातीत पडत होते आणि मामी ते वेचत होत्या. मी तिथून उठून बागेकडे गेले, कारण मला रडू आवरेना.

आमचं मूल होईल की नाही, मला अजून माहीत नाही. औषधं सुरू आहेत. नितीनने खर्रा सोडला आहे आणि त्याची चिडचिड मी सोसते आहे. दवाखान्यात मात्र आम्ही बरोबर जातो, आणि नाव पुकारलं की दोघंही उठतो. तेवढं तरी मामींच्या वाट्याला यायला हवं होतं, असं प्रत्येक वेळी उठताना मनात येतं.